साखळीचे दुसरे टोक

पहाटे दार उघडून अंगणात उतरावे आणि रात्रभर घराची राखण केलेल्या कुत्र्याने उंबऱ्याशी आणून ठेवलेले सशाचे पिल्लू दिसावे, हा प्रसंग माळरानालगतच्या वस्त्यांना नवा नाही. कुत्रा शेपूट हलवीत उभा असतो. त्याच्या डोळ्यांत अपराधाचा लवलेश नसतो, असलीच तर शाबासकीची अपेक्षा असते. मालकाच्या मनात मात्र किळस, संताप आणि अनुकंपा यांची एकच गर्दी होते, आणि कबूल करणे जड गेले तरी त्या गर्दीत थोडा अभिमानही मिसळलेला असतो. कालच संध्याकाळी घरातल्या लेकराने ज्या जबड्यात हात घालून खेळ केला, तोच हा जबडा. मग ज्याच्यावर माया केली तो प्राणी खरा कोणता, असा प्रश्न त्या सकाळी पडतो आणि बहुधा दुपारपर्यंत विसरला जातो.

तो विसरला जाऊ नये, असे दिवस आता आले आहेत. पुणे, अहिल्यानगर, सोलापूर या कोरड्या पट्ट्यात शहरे माळावर सरकली आहेत, शेतघरे उभी राहिली आहेत आणि त्यांच्या राखणीसाठी कुत्री आली आहेत. रात्री त्यांना मोकळे सोडण्याची रीत जुनीच आहे. बदलले आहे ते कुंपणापलीकडचे रान. ते आटले आहे, आणि त्यात उरलेल्या ससा, खोकड, चिंकारा, तित्तर, टिटवी यांना पळायला पूर्वीइतकी जागा राहिलेली नाही.

कुत्रा शिकार करतो तो दुष्टपणामुळे नव्हे आणि पुष्कळदा भुकेमुळेही नव्हे. ‘आमच्या घरी त्याला काय कमी आहे?’ हा मालकाचा सवाल म्हणूनच गैरलागू ठरतो. हेरणे, टक लावणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, ठार करणे आणि खाणे ही लांडग्याच्या वंशातून आलेली साखळी आहे. माणसाने हजारो वर्षांच्या निवडीने तिच्या काही कड्या बळकट केल्या, काही बोथट केल्या. साखळी मात्र तोडली नाही. मेंढ्या वळणाऱ्या कॉलीत टक लावणे आणि दबा धरणे जोपासले गेले, चावा मात्र आवरला गेला. लॅब्रॅडॉरने पडलेले पाखरू न चुरगळता आणून द्यावे असे त्याला घडविले. डॅक्सहुंड बिळात शिरण्यासाठी वाढविला गेला. पोट भरलेले असले तरी समोरून काही पळाले की पाय आपोआप त्याच्यामागे निघतात, कारण पाठलाग हेच त्या प्रवृत्तीचे स्वतंत्र सुख असते.

या घडणीत दख्खनचाही वाटा आहे. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा कारवानी कुत्रा वासापेक्षा नजरेने शिकार धरतो. मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी या जातीच्या संगोपनास आश्रय दिला. तिला मुधोळ हाउंड हे नाव मिळाले आणि २००५ मध्ये तिचे चित्र टपाल तिकिटावरही आले. या कुत्र्याचा गौरव करताना तो सशामागे धावण्यासाठीच घडविला गेला, हे विसरून चालणार नाही. दुसरीकडे, धनगराच्या वाड्यावरचा कुत्रा लहानपणापासून मेंढरांत वाढतो आणि लांडग्यापासून त्यांचे रक्षण करतो. रक्त आणि संगोपन या दोहोंतून कुत्र्याचे वर्तन आकारास येते. त्यांपैकी दुसरे तरी पूर्णपणे माणसाच्या हाती असते.

एकट्या कुत्र्याने असे कितीसे नुकसान होणार, असे ज्यांना वाटते त्यांनी न्यूझीलंडमधील वैतांगीच्या जंगलात १९८७ साली घडलेले आठवावे. तेथे किवी या उडता न येणाऱ्या पक्ष्यांचा अभ्यास चालू होता आणि काहींच्या अंगावर रेडिओ-यंत्रे बसविलेली होती. एकाएकी ते पक्षी मरू लागले. शोधाअंती कारण सापडले ते एक अल्सेशियन कुत्री. तिच्या गळ्यात पट्टा होता. अवघ्या काही आठवड्यांत तिने सुमारे पाचशे किवी मारले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज होता. आपल्या माळावर किवी नाहीत. पण टिटवी आणि चंडोल यांची घरटी जमिनीवरच असतात, आणि पळू न शकणारी पिल्ले तेथेही आहेत.

दातांइतकाच धोका रोगाचाही आहे. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूचे नाव पुढे आले. हा रोग कुत्र्यांतही आढळतो आणि त्यावर लस उपलब्ध आहे. रानालगतच्या कुत्र्याला वेळेवर लस टोचून घेणे हे केवळ त्याच्या मालकाच्या सोयीचे काम नव्हे.

कायदा याबाबतीत बऱ्याच मालकांच्या समजुतीपेक्षा स्पष्ट आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ म्हणजे केवळ ठार मारणे नव्हे. वन्य प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला पकडणे, हाकून आणणे आणि तसा प्रयत्न करणे हेही त्या व्याख्येत येते. आरंभी परवाना काढून काही प्राण्यांची शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तो मार्ग बंद झाला. काळवीट, मोर, घोरपड यांना तर सर्वांत कडक संरक्षण आहे. कुत्र्याला कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करीत नाही. त्याला सावजावर सोडणारा हात मात्र त्यातून सुटत नाही.

येथे एक कटू विसंगती नोंदवली पाहिजे. सशासह सापडलेला पारधी समाजाच्या लेखी तत्काळ गुन्हेगार ठरतो. शेतघराच्या मालकाचा कुत्रा तोच ससा फाडतो तेव्हा ती त्याची ‘मस्ती’ ठरते आणि पाहुण्यांना कौतुकाने सांगितली जाते. एकाच्या मागे पोटाची गरज असू शकते, दुसऱ्याच्या मागे तीही नसते. दयेचा हा सोयिस्कर हिशेब सुसंस्कृतपणास शोभणारा नाही. शेजारच्या म्हातारीची अंड्यावरची कोंबडी मारली गेली, तर तिच्या आठवड्याच्या मीठमिरचीचाच प्रश्न उभा राहतो. तेथे ‘जनावरच ते’ एवढे म्हणून मोकळे होणे म्हणजे स्वतःची चूक मुक्या प्राण्याच्या नावावर खपविणे होय. अशा वेळी वाद न घालता भरपाई द्यावी, हे लहान गावातील शेजारधर्मास धरून आहे.

मग कुत्र्याला मारझोड करावी काय? त्याचा उपयोग नाही. तासाभरापूर्वीच्या शिकारीचा आणि आताच्या काठीचा संबंध त्याला लागत नाही. तो फक्त मालकाला भिऊ लागतो. उपाय साधे आणि कंटाळवाणे आहेत, म्हणूनच ते टाळले जातात. फिरायला नेताना साखळी हातात असावी, विशेषतः पहाटे, सायंकाळी आणि विणीच्या दिवसांत. रात्री कुंपण भक्कम असावे. गरज पडल्यास तोंडाला श्वास घेता येईल असे मुसके घालावे. पिल्लू असतानाच त्याला कोंबड्या-शेळ्यांची सवय लावावी, हाक मारताच परतण्याचे वळण लावावे, आणि धावण्याची त्याची ओढ चेंडूसारख्या खेळांत भागवावी. एवढे करूनही ती प्रवृत्ती नाहीशी होईल असे नाही. तिच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवावे लागेल, आणि ते ज्यांना जमणार नसेल त्यांनी माळालगत शिकारी जातीचा कुत्रा पाळू नये, हेच प्रामाणिकपणाचे.

कुत्र्यावरच्या प्रेमाची कसोटी त्याच्या इमानाच्या कथा सांगण्यात नाही. त्याचा स्वभाव जसा आहे तसा ओळखून, त्याची लाज न बाळगता आणि त्याची फुशारकीही न मारता, त्याला आवरण्याचे कष्ट रोज घेण्यात आहे. उंबऱ्याशी पडलेल्या त्या पिलाला कुत्र्याने मारले हे खरे. पण आदल्या रात्री त्याची साखळी कोणी सोडली होती, हेही मालकाने स्वतःला विचारले पाहिजे.