उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातू : घटकांच्या प्रमाणापासून यांत्रिक गुणधर्मांपर्यंत

कोबाल्ट, क्रोमियम, लोह आणि निकेल समान अणू-प्रमाणात वितळवून ओतले, तर मिळणाऱ्या मिश्रधातूचे व्हिकर्स काठिण्य साधारण १२० भरते. त्यात तेवढ्याच प्रमाणात ॲल्युमिनियम घातले की ते ५०० च्या आसपास जाते. या पाच धातूंत ॲल्युमिनियम सर्वांत मऊ आहे. मग मऊ धातू मिसळून मिश्रधातू चौपट कठीण कसा होतो? या पाठात आपण याचे उत्तर पाहू.

१. व्याख्या

पोलादात लोह मुख्य असते आणि बाकीची मूलद्रव्ये थोडी थोडी असतात. उच्च-एन्ट्रॉपी मिश्रधातूत असा एकच मुख्य धातू नसतो. प्रचलित व्याख्येनुसार त्यात किमान पाच मुख्य मूलद्रव्ये असतात आणि प्रत्येकाचे प्रमाण ५ ते ३५ अणू-टक्के असते. तैवानमधील येह आणि ऑक्सफर्डमधील कँटर यांच्या गटांनी २००४ साली असे मिश्रधातू स्वतंत्रपणे मांडले. भारतात प्रा. एस. रंगनाथन यांनी २००३ मध्येच ‘करंट सायन्स’मधून या बहुधातू मिश्रणांकडे लक्ष वेधले होते.

समप्रमाणातील घटकांची मिश्रण-एन्ट्रॉपी म्हणजे वायू-स्थिरांक गुणिले घटकसंख्येचा नैसर्गिक लॉगॅरिदम. पाच घटकांसाठी ८.३१४ × १.६०९ = १३.३८ ज्यूल प्रति मोल-केल्विन, तर तीन घटकांसाठी ९.१३. ही एन्ट्रॉपी उच्च तापमानाला घन द्रावण स्थिर ठेवण्यास मदत करते. लक्षात घ्या, हे विधान स्थिरतेविषयी आहे, बळाविषयी नाही.

२. मधली पायरी : फेज

घटकांचे प्रमाण थेट काठिण्य ठरवत नाही. आधी ते स्फटिकरचना, म्हणजेच फेज ठरवते. तिच्यावर डिसलोकेशन किती सहज सरकतील हे अवलंबून असते आणि त्यातून बळ व तन्यता ठरतात.

फेजच्या अंदाजासाठी सरासरी संयुजा-इलेक्ट्रॉन संख्या, म्हणजे व्हीईसी, वापरतात. ती ८ किंवा अधिक असल्यास एफसीसी, ६.८७ पेक्षा कमी असल्यास बीसीसी आणि दरम्यान असल्यास मिश्र रचना अपेक्षित असते. त्यासाठीच्या संख्या अशा : ॲल्युमिनियम ३, क्रोमियम ६, मँगनीज ७, लोह ८, कोबाल्ट ९, निकेल १०.

चार धातूंचा मूळ मिश्रधातू : (९ + ६ + ८ + १०) ÷ ४ = ८.२५. रचना एफसीसी, मऊ पण तन्य.

ॲल्युमिनियमसह : (३३ + ३) ÷ ५ = ७.२. ओतलेल्या अवस्थेत प्रामुख्याने बीसीसी. कठीण पण ठिसूळ.

३. ॲल्युमिनियम नेमके काय करते?

पहिले, त्याचा अणू इतर चारांपेक्षा मोठा असल्याने जाळी ताणली जाते आणि डिसलोकेशनला अडथळा होतो. दुसरे, व्हीईसी घटून रचना बीसीसीकडे झुकते. तिसरे, ॲल्युमिनियम आणि निकेल यांचे परस्पर आकर्षण तीव्र असल्याने दोघांनी समृद्ध असा बी२ हा क्रमबद्ध फेज तयार होतो. काठिण्यातील मोठी वाढ मुख्यतः फेज बदलल्यामुळे होते. त्याची किंमत म्हणजे ताणाखाली कमी झालेली तन्यता.

४. अधिक घटक म्हणजे अधिक बळ?

परीक्षेत हमखास लिहिले जाणारे हे वाक्य चुकीचे आहे. कोबाल्ट, क्रोमियम, लोह, मँगनीज आणि निकेल यांचा ‘कँटर मिश्रधातू’ एफसीसी आहे. द्रव नायट्रोजनच्या तापमानाला, म्हणजे ७७ केल्विनला, त्याचे बळ आणि तन्यता दोन्ही वाढतात, कारण तेथे सूक्ष्म जुळे-स्फटिक तयार होऊन विरूपण सर्वत्र पसरते. तरीही क्रोमियम, कोबाल्ट आणि निकेल या तीनच घटकांचा मिश्रधातू त्याहून सरस ठरतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीत २० केल्विनला त्याची फ्रॅक्चर टफनेस सुमारे ४६० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर आढळली, तर कँटर मिश्रधातूची सुमारे २६०. एन्ट्रॉपी कमी, चिवटपणा जास्त! कोणते घटक आहेत, याला त्यांच्या संख्येपेक्षा अधिक महत्त्व आहे.

५. नियमाची मर्यादा

चार धातूंच्या प्रत्येकी एका अणूमागे ॲल्युमिनियमचे ०.३ अणू घेतले, तर व्हीईसी ३३.९ ÷ ४.३ = ७.८८ येते. नियमानुसार रचना मिश्र हवी, पण ओतलेला नमुना बहुतांशी एफसीसीच असतो. तोच नमुना योग्य तापमानाला दीर्घकाळ तापवला, तर त्यात बी२चे कण निघतात. म्हणून व्हीईसी हा पहिला अंदाज समजावा. अंतिम निर्णय क्ष-किरण विवर्तनाने आणि सूक्ष्मदर्शकाने करावा, आणि नमुन्यावरील उष्णता-प्रक्रिया नेहमी नोंदवावी.

सराव

ॲल्युमिनियमचे प्रमाण ०.५ घेऊन व्हीईसी काढा (उत्तर : ७.६७). बळ व तन्यता कोणत्या दिशेने बदलतील, ते फेजच्या आधारे तीन वाक्यांत लिहा.