नागीण तोफेचा पल्ला

पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे, त्यामुळे ओम राऊतांचा ‘तान्हाजी’ (2020) हा इकडे घरचा विषय. सिनेमात कोंढाण्यावरची ‘नागीण’ तोफ थेट राजगडावर रोखलेली दाखवलीय. दोन्ही गडांत हवाई अंतर सुमारे 15 किलोमीटर! गंमत म्हणजे हवाच नसती, तर 45 अंशांच्या कोनात, सेकंदाला 385 मीटरच्या आसपास वेगाने सुटलेला गोळा तिथवर पोचलाही असता. पण हवेचा रोध वेग झपाट्याने खातो. त्या काळच्या तोफांचा नेमका मारा एक-दोन किलोमीटरचाच. अर्थात 4 फेब्रुवारी 1670 ची कोंढाण्याची खरी लढाई तोफेविनाही तेवढीच थरारक होती. रात्री कडा चढणं पुरेसं नव्हतं का, राऊतसाहेब?

#महाड #पोलादपूर #तान्हाजी