भेटीचा डबा: नाचणीची नानकटाई

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला घरोघर द्यायला आपण बिस्किटांचे पुडे आणतो. स्वस्त बिस्किटांत बहुधा मैदा, साखर आणि वनस्पती तूप. 2022 पासून खाद्यतेल-तुपातील ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, पण सुट्या मालावर काही लिहिलेलेच नसते. म्हणून आम्ही बाया नानकटाई घरीच करतो.

एक वाटी नाचणीचे पीठ खमंग भाजून गार करावे. त्यात एक वाटी कणीक, पाऊण वाटी साजूक तूप, तेवढीच गूळ पावडर, वेलची, चिमूटभर सोडा. गोळा वळत नसेल तर चमचाभर दूध. जाड कढईत मीठ तापवून, वर ताटली ठेवून, झाकून मंद आचेवर 20-25 मिनिटे. गरम असताना मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. घाईने करपवू नका.

100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पाळी गेलेल्या बायांना, वाढत्या मुलांना ते हवेच. मात्र “गुळाची आहे, शुगरवाल्यांना चालते” हे आम्ही फार ऐकतो. चालत नाही! गुळानेही रक्तातली साखर वाढते. मधुमेही माणसाच्या घरी डब्यात भाजलेले शेंगदाणे-फुटाणे द्या, आणि का दिले तेही सांगा.