साबणाचा साका
भिवंडीजवळच्या दापोड्यातील एखाद्या गोदामात साबणाच्या वड्या आणि डिटर्जंट पावडर एकाच थप्पीत रचलेली असली, तरी रसायनशास्त्र त्यांना वेगळ्या कुळांत बसवते. तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्या अभिक्रियेतून मिळणारे मेदाम्लांचे सोडियम क्षार म्हणजे साबण. त्याच्या रेणूची लांब कार्बनसाखळी तेलकट मळात रुतते आणि कार्बॉक्सिलेट हे टोक पाण्याकडे राहते. मात्र विंधनविहिरीच्या दुष्फेन, म्हणजे सहज फेस न येऊ देणाऱ्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम या टोकाशी जुळले, की न विरघळणारा साका तयार होऊन बादलीच्या कडेला पांढुरका, चिकट थर बसतो आणि दोष बिचाऱ्या साबणाला लागतो. डिटर्जंटच्या साखळीला, जी बहुधा पेट्रोलियमपासून मिळते, सल्फोनेटचे टोक असते; त्याचे कॅल्शियम क्षार इतक्या सहज साकळत नसल्याने तेथे फेस टिकतो.