थकलेले हृदय आणि औषधांचा हिशेब

आपल्याकडे ‘अमक्याचे हार्ट फेल झाले’ म्हणजे तो माणूस गेला, असाच अर्थ घेतात. डॉक्टर ‘हार्ट फेल्युअर’ म्हणतात तेव्हा हृदय बंद पडलेले नसते. ते चालू असते. पण शरीराला लागेल तितके रक्त पुरविणे त्याला झेपत नाही. जिना चढताना धाप लागते, पायांवर सूज येते, रात्री उशाला उशी चढवावी लागते. असा माणूस योग्य उपचारांनी पुष्कळ वर्षे जगू शकतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. पण उभे आयुष्य कामगार संघटनेत गेल्यामुळे आश्वासनापेक्षा पगाराची पावती पाहावयाची, ही सवय जडली आहे. औषधालाही आम्ही तेच विचारतो : बरे वाटले हे ठीक, पण रोगी जगला का?

इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 साली डिजिटॅलिस या वनस्पतीच्या पानांवर ग्रंथ लिहिला. पुढे हृदयाचे आकुंचन जोरकस करणे हा मोठा उपाय वाटे. त्यातूनच आलेल्या डिजॉक्सिनचा हिशेब 1997 साली सुमारे 6800 रोग्यांवर मांडला गेला. इस्पितळाच्या खेपा कमी झाल्या. मृत्यू कमी झाले नाहीत. मिलरिनोन हे हृदयाला जोर देणारे दुसरे औषध. 1991 साली आढळले की, त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यू शेकडा 28 नी अधिक होते!

असे का व्हावे? रक्त कमी पोहोचले की शरीराचा गैरसमज होतो. ते मीठ-पाणी साठवते, रक्तवाहिन्या आवळते आणि हृदयाला आणखी पळविते. थकलेल्या बैलाला पराणी टोचावी आणि गाडीत पोती वाढवावीत, तसा हा प्रकार.

मग ओझे उतरविणारी औषधे आली. 1987 साली उत्तर युरोपातील 253 अतिगंभीर रोग्यांपैकी निम्म्यांना नेहमीच्या औषधांबरोबर एनालाप्रिल दिले. सहा महिन्यांत त्यांच्यातले शेकडा 26 दगावले. न दिलेल्यांतले 44. हृदयाची धाव आवरणारे बीटा ब्लॉकर या आजारात पूर्वी वर्ज्य मानीत. 1999 साली त्यांपैकी बिसोप्रोलोलने मृत्यूंचे प्रमाण शेकडा 17.3 वरून 11.8 वर आणले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यूची शक्यता शेकडा 30 नी घटविल्याचे दिसले. 2019 साली डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी मधुमेह नसलेल्या हृदयरोग्यांनाही उपयोगी ठरली. हे आकडे आकुंचन क्षीण झालेल्या हृदयांचे आहेत, हे लक्षात ठेवावे.

घरोघरची अडचण पुढेच आहे. लघवीच्या गोळीने सूज दोन दिवसांत उतरते. तिचा गुण डोळ्यांना दिसतो. आयुष्य वाढविणाऱ्या गोळ्या मुकाट्याने काम करतात. महिन्याचा खर्च बसेना की, ‘हिचा काही फरक कळत नाही’ म्हणून नेमकी तीच गोळी सोडली जाते. लंडनच्या डॉक्टरांनी 2019 साली प्रसिद्ध केलेली पाहणी येथे बोलकी आहे. हृदय फुगून दुर्बल झालेले, पण औषधांनी पूर्ववत झालेले 51 रोगी त्यांनी घेतले. 25 जणांची औषधे हळूहळू थांबविली. सहा महिन्यांत 11 जणांचा आजार उलटला. औषधे चालू असलेल्या 26 जणांत एकाचाही नाही.

पगारवाढ पदरात पडली म्हणून युनियनची वर्गणी बंद करणारे कामगार आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. वाढ टिकते ती वर्गणीवर. तेव्हा खर्च झेपत नसेल, तर ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे आणि स्वस्त पर्याय मागावा. कोणती गोळी सोडावयाची, हे मात्र घरी ठरवू नये.