हिरवळ कापणी यंत्र

हिरवळ कापणी यंत्र हे बाग, क्रीडांगण, पटांगण अशा ठिकाणचे गवत एकसारख्या उंचीवर कापण्यासाठी वापरले जाणारे यंत्र आहे. व्यवहारात ते ‘लॉन मोअर’ या नावाने ओळखले जाते. कापलेल्या चाऱ्याचे तुकडे करणारे कडबाकुट्टी यंत्र आणि शेताच्या बांधावरील उंच गवत कापणारा ‘ब्रश कटर’ ही याहून वेगळी साधने आहेत. मात्र महाराष्ट्रात हिरवळीच्या कडा व अडचणीच्या जागा कापण्यासाठी ब्रश कटरही सर्रास वापरला जातो. त्यामुळे या लेखात त्याचाही विचार केला आहे.

या यंत्राचा गुण आणि त्याचा धोका यांचे मूळ एकच आहे. धारदार पाते अतिशय वेगाने फिरते, म्हणून गवत स्वच्छ कापले जाते आणि त्याच कारणाने हाता-पायांना गंभीर इजा होऊ शकते. कोरडे गवत, साफ केलेली जमीन, धारदार पाते आणि सावकाश चाल या चार गोष्टींवर कापणीचा दर्जा अवलंबून असतो. चालकाची आणि आसपासच्या लोकांची सुरक्षितताही बव्हंशी त्यांच्यावरच अवलंबून असते.

इतिहास

यंत्र येण्यापूर्वी गवत हाताने कापले जाई. महाराष्ट्रात त्यासाठी विळा व खुरपे वापरले जात, तर युरोपात लांब दांड्याचा मोठा विळा वापरला जाई. युरोपातील हे काम पहाटे, दव असताना करीत, कारण ओले गवत विळ्यासमोर चांगले कापले जाते. यंत्राच्या बाबतीत नियम नेमका उलटा आहे, त्याला कोरडे गवत लागते.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील एडविन बडिंग या कारागिराने १८३० साली पहिल्या हिरवळ कापणी यंत्राचे पेटंट घेतले. लोकरीच्या गिरणीत कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे मोठी यंत्रे घोड्यांकडून ओढून घेतली जाऊ लागली. घोड्यांच्या टापांचे ठसे हिरवळीवर उमटू नयेत म्हणून त्यांच्या पायांत चामडी जोडे घालीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेवर आणि विसाव्या शतकाच्या आरंभी पेट्रोलवर चालणारी यंत्रे आली. ऑस्ट्रेलियात १९५२ साली मर्व्हिन रिचर्डसन यांनी ‘व्हिक्टा’ हे हलके, आडव्या पात्याचे यंत्र तयार केले आणि त्यानंतर हा प्रकार घराघरांत पोहोचला. अमेरिकेतील जॉर्ज बॅलस यांनी १९७१ मध्ये नायलॉनच्या फिरत्या दोरीने गवत कापणारे साधन बनवले. मोटारी धुण्याच्या केंद्रातील फिरते ब्रश पाहून त्यांना ते सुचले होते.

प्रकार व कार्य

दंडगोल यंत्र : यात आडव्या आसाभोवती बसवलेली पीळदार पाती फिरतात. खाली एक स्थिर पाते असते. या दोहोंच्या मध्ये सापडलेले गवत कात्रीत कापल्यासारखे कापले जाते. काप अत्यंत स्वच्छ येतो, म्हणून क्रिकेटची खेळपट्टी व गोल्फची मैदाने यांसाठी हा प्रकार वापरतात. उंच वाढलेले गवत आणि खडबडीत जमीन मात्र त्याला मानवत नाही.

चक्री यंत्र : यात धातूच्या कवचाखाली एकच आडवे पाते भोवऱ्यासारखे फिरते. येथे स्थिर पाते नसते, केवळ वेगाच्या जोरावर गवत कापले जाते. सुमारे ४६ सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे २६० किलोमीटर होतो. वाटेत आलेला खडा वा खिळा याच वेगाच्या फटक्याने बाहेर उडतो.

ब्रश कटर : खांद्याला अडकवलेल्या लांब दांड्याच्या टोकाशी नायलॉनची दोरी किंवा धातूचे पाते फिरते. त्याला चक्री यंत्रासारखे सर्व बाजूंनी झाकणारे कवच नसते, म्हणून खडे दूरवर उडण्याचा धोका यात सर्वाधिक असतो.

नाशिक परिसरातील वापर

नाशिक शहर व परिसरात ‘लॉन्स’ हा शब्द हिरवळीपेक्षा उघड्यावरील मंगल कार्यालयासाठी अधिक रूढ आहे. लग्नसराईत मांडवाचे खिळे, तारांचे तुकडे, सुतळी, बाटल्यांची झाकणे अशा वस्तू गवतात दडून राहतात. त्यामुळे अशा ठिकाणी समारंभानंतर लगेच यंत्र फिरवणे धोक्याचे ठरते. शहरातील हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे गोल्फ क्लब मैदान म्हणूनही ओळखले जाते. तेथे रणजी करंडक स्पर्धेचे सामने झाले आहेत. क्रिकेटच्या नियमांत सामन्याच्या दिवशी खेळपट्टी व मैदान कापण्यासंबंधी स्वतंत्र तरतूद आहे, इतके कापणीला खेळात महत्त्व आहे.

येथील हिरवळीत हरळीच्या जाती आणि ‘मेक्सिकन’ नावाने मिळणारे गवत प्रामुख्याने आढळते. ही उष्ण हवामानातील गवते आहेत. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत ती झपाट्याने वाढतात. हिवाळ्यात नाशिक व निफाडचे किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली उतरते, तेव्हा वाढ जवळजवळ थांबते आणि गवत पिवळसर दिसते. अशा वेळी ‘हिरवे व्हावे’ म्हणून वारंवार कापणी केल्याने गवत आणखी दुबळे होते.

कापणीचे तंत्र

एकतृतीयांशाचा नियम : एका वेळी पात्याच्या उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक भाग कापू नये. गवत आपले अन्न हिरव्या पात्यात तयार करते. बराचसा भाग एकदम काढला की मुळांची वाढ थांबते. अमेरिकेच्या कृषी विभागाने १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या क्रायडर यांच्या अभ्यासात हे दिसून आले होते. तीन सेंटिमीटर उंची राखायची असेल, तर गवत साडेचार सेंटिमीटर होताच कापावे. पावसाळ्यात गवत फार वाढले असेल, तर काही दिवसांच्या अंतराने दोन-तीन टप्प्यांत ते खाली आणावे.

उंची : घराच्या बागेतील हरळी साधारण अडीच ते चार सेंटिमीटर ठेवावी. उन्हाळ्यात उंची थोडी वाढवावी. उंच पात्यांची सावली जमिनीवर पडते, ओल टिकते आणि पाणी कमी लागते. सावलीतील गवतही उंचच ठेवावे.

वेळ : दव सुकल्यावरची सकाळ किंवा उन्हे उतरल्यावरची वेळ योग्य असते. ओले गवत पात्याला चिकटते, यंत्राचे तोंड तुंबते, काप फाटका येतो आणि पाय घसरतो. पावसाने मऊ झालेल्या जमिनीत चाके रुतून चरे पडतात.

दिशा : प्रथम कडेने दोन फेऱ्या घ्याव्यात, म्हणजे यंत्र वळवायला जागा मिळते. नंतर सरळ पट्ट्यांत जावे आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर थोडा चढवावा. दर वेळी दिशा बदलावी. एकाच दिशेने कापत राहिल्यास गवत त्या बाजूला झुकते आणि चाकांच्या रेषा पडतात. मैदानावर दिसणारे गडद-फिके पट्टे गवताच्या रंगाचे नसतात. यंत्रामागच्या रुळाने पाती उलटसुलट दिशांना वाकतात आणि प्रकाश निरनिराळा परावर्तित होतो, त्यामुळे ते दिसतात.

कातरण : वेळेवर कापणी केली असेल, तर बारीक कातरण जागेवरच राहू द्यावे. ते लवकर कुजते आणि त्यातील नत्र जमिनीला परत मिळते. कातरणाचे ढीग साचत असतील, तर मात्र ते गोळा करून कंपोस्ट खड्ड्यात टाकावे, अन्यथा खालचे गवत कुजते.

सुरक्षितता

सुरू करण्यापूर्वी : संपूर्ण जागा पायी फिरून पाहावी. दगड, काचा, तारा, खेळणी, पाण्याच्या नळ्या उचलाव्यात. जमिनीत बसवलेली फवारा-तोंडे व झाडांचे बुंधे यांची नोंद घ्यावी. पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात घोणस व इतर सापांचा वावर असू शकतो. म्हणून असे गवत आधी काठीने हलवावे आणि गमबूट घालावेत. लहान मुले व पाळीव प्राणी यांना कापणीच्या जागेपासून दूर, शक्यतो घरात ठेवावे.

पेहराव : बंद व जाड तळव्याचे बूट, पूर्ण लांबीची विजार आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक आहे. चप्पल घालून किंवा अनवाणी यंत्र चालवू नये. लोंबता पदर, ओढणी, उपरणे आवरून घ्यावे. पेट्रोल यंत्राचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास असतो. रोज हे काम करणाऱ्यांनी कानांचे संरक्षण करावे, कारण बहिरेपण हळूहळू येते आणि ते भरून निघत नाही.

चालवताना : दोन्ही हात दांड्यावर असावेत आणि यंत्र पुढे ढकलत जावे. मागे ओढताना तोल गेल्यास पाय थेट पात्याखाली जातो. उतारावर हाताने ढकलायचे यंत्र आडवे फिरवावे. बसून चालवायचे यंत्र मात्र उलटू नये म्हणून उताराच्या दिशेने वर-खाली न्यावे. फरशीचा रस्ता वा खडीचा पट्टा ओलांडताना पाते बंद करावे.

तुंबलेले गवत काढताना : बोटे तुटण्याचे अपघात बहुधा याच वेळी होतात. इंजिन बंद केले, तरी पाते काही क्षण फिरत राहते. अमेरिकेत १९८२ पासून हातयंत्राचा सुरक्षा-दांडा सोडल्यावर पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे, असा नियम आहे. असा दांडा तारेने वा दोरीने बांधून ठेवणे म्हणजे ही सोय स्वतःहून नष्ट करणे होय. पाते थांबल्याची खात्री करावी, स्पार्क प्लगची वायर काढावी किंवा विजेचे यंत्र असल्यास प्लग उपसावा आणि मगच काठीने गवत काढावे. हात कधीही घालू नये.

इंधन व वीज : पेट्रोल मोकळ्या हवेत आणि इंजिन थंड झाल्यावरच भरावे. विजेच्या यंत्रासाठी ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळती-संरक्षक स्विच असलेली जोडणी वापरावी. केबल खांद्यावरून मागे ठेवावी आणि जोडणीपासून दूर जात कापणी करावी. पावसात किंवा ओल्या गवतावर विजेचे यंत्र वापरू नये. केबल कापली गेल्यास तिला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करावा.

वर्दळीची ठिकाणे : ब्रश कटर चालू असताना सभोवती किमान १५ मीटर अंतरात कोणी नसावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. नाशिकच्या द्वारका चौकासारख्या ठिकाणी तो पाळणे जवळपास अशक्य असते. तेथे मुंबई–आग्रा महामार्ग आणि नाशिक–पुणे रस्ता एकत्र येतात आणि पादचारी, रिक्षा व दुचाकी यांची सतत ये-जा असते. अशा चौकालगतच्या किंवा दुभाजकावरील गवतासाठी पहाटेची कमी वर्दळीची वेळ निवडावी, धातूच्या पात्याऐवजी नायलॉन दोरी वापरावी आणि रहदारीच्या बाजूला जाळीचा आडोसा धरावा. हे शक्य नसेल, तर विळ्याने कापणी करणे हाच योग्य मार्ग होय. चालकाने हेल्मेट व चष्मा घातला, तरी शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचे किंवा कडेवरच्या मुलाचे डोळे उघडेच असतात. यंत्र, संरक्षक साधने व पुरेसा वेळ देणे ही काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे. रोजंदारीवरील कामगाराला ती स्वतःच्या खर्चाने पार पाडता येत नाही.

देखभाल

बोथट पाते गवत कापत नाही, फाडते. कापणीनंतर एक-दोन दिवसांनी पात्यांची टोके पांढुरकी वा तपकिरी दिसू लागली, तर धार गेली असे समजावे. फाटलेल्या टोकांतून पाणी अधिक उडते आणि रोगाचा शिरकाव सुलभ होतो. धार लावताना दोन्ही टोकांना सारखीच घासणी द्यावी. पाते मध्यभागी खिळ्यावर टांगून त्याचा तोल पाहावा. तोल बिघडलेले पाते यंत्राला हादरे देते आणि आस झिजवते. तडा गेलेले पाते वितळजोड न करता बदलावे. साफसफाईसाठी पेट्रोल यंत्र कलते करायचे असल्यास हवा गाळणी वरच्या बाजूला राहील असे करावे, नाही तर तेल गाळणीत उतरते. प्रत्येक कापणीनंतर कवचाच्या आत साचलेले गवत खरवडून काढावे. पावसाळ्यात ते ओले राहून पत्रा गंजतो.

हे सुद्धा पहा

हरळी
विळा
कडबाकुट्टी
कंपोस्ट खत