माळावरचा लांडगा, वेळासचं कासव

शिरूर तालुक्यात रात्रीची वीज आली की मोटर चालू करायला सहसा कुणी एकटं जात नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं लावलेलं कीर्तन आणि मागं घरातलं कुणीतरी. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यात दोन मुलं होती. त्यानंतर तिथली माणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधू लागली. असे पट्टे एरवी मेंढरांमागच्या कुत्र्यांच्या गळ्यात असतात. अशा घरात कुणी ‘सुट्टीत सफारीला जाऊ’ असं म्हटलं, तर आजी विचारणारच, ‘पैसे मोजून बिबट्या बघायला?’

प्रश्न रास्त आहे. कालव्यांचं पाणी आलं, ऊस वाढला, आणि वर्षातले बरेच महिने हलत नाही असं दाट रान बिबट्याला आयतं मिळालं. मादी उसातच पिल्लं घालते आणि ती पिल्लं उसालाच जंगल समजून वाढतात. तोडीच्या वेळी ती सापडतात तेव्हा टोळीची धावपळ होते आणि गावाची झोप उडते. त्यामुळे रात्री गाडीचे दिवे उसावर मारत बिबट्या शोधणाऱ्या हौशी मंडळींचं इथं कौतुक होत नाही, आणि ते बरंच आहे. ही सफारी नव्हे, कुणाच्या तरी परसातली भीती आहे.

सफारी करायची तर शिरूरहून दक्षिणेकडं गाडी काढावी. न्हावरे मागं पडतं, चौफुला येतो, पुणे-सोलापूर रस्ता ओलांडला की ऊस विरळ होत जातो आणि माळ सुरू होतो. बाहेरच्या माणसाला ही पडीक जमीन वाटते. सरकारी कागदांनीही वर्षानुवर्षं अशा माळांना पडीकच म्हटलं आणि त्यांवर झाडं लावण्याचे कार्यक्रम काढले. वास्तविक पर्जन्यछायेतलं हे गवताळ रान स्वतःच एक जंगल आहे, फक्त बुटकं.

बारामती तालुक्यात सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य त्याचाच एक तुकडा. १९९७ मध्ये जाहीर झालेलं, क्षेत्र अवघं ५.१४ चौरस किलोमीटर. एखाद्या मोठ्या गावाचं शिवारही याहून मोठं भरतं. पण चिंकारा बघायला ही जागा नामी आहे. सकाळी लवकर पोहोचावं, मोरगावच्या गणपतीचं दर्शन नंतर घ्यावं. ऊन चढलं की चिंकारा बाभळीच्या सावलीत जो बसतो तो हलत नाही. काळवीट बघायचं असेल तर दौंडहून भीमा ओलांडून कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी गाठावं. १९८० चं हे अभयारण्य तर जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं आहे.

खरी नवलाई मात्र लांडग्याची. पुणे वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. नोंदणी ऑनलाइन, सोबत गावातलाच प्रशिक्षित वाटाड्या. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा, शिवाय हिवाळ्यात गवतावरून तरंगत जाणारे भोवत्या पक्षी असा हा दरबार. भारतात लांडगे सुमारे तीन हजारच उरले असावेत असा अंदाज आहे, म्हणजे वाघाच्या आसपासच. तरी वाघासाठी लोक आठशे किलोमीटर जातात आणि लांडगा घराजवळ असूनही त्याची दखल घेत नाहीत. धनगरांना मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. कळपातलं कोकरू त्यानं उचललं म्हणून ते चरफडतात, पण त्याच्याशिवाय माळ कसा असतो हे त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

इथं एक गोष्ट पर्यटकाच्या हातातली आहे. माळावर उरलंसुरलं अन्न टाकलं की भटकी कुत्री येतात, कुत्र्यांबरोबर रोग येतात आणि संकरही होतो. पुणे जिल्ह्यात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत दिसलेलं आहे. तेव्हा डब्यातली उरलेली पोळी डब्यातच परत आणावी.

आता पाणी. दौंडकरांना समुद्र नाही, पण उजनी आहे. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं. त्याची साठवण ११७ टीएमसीच्या घरात आहे आणि फुगवटा मागं सरकत सरकत दौंड तालुक्यातल्या खानोटा-राजेगावपर्यंत येतो. पाणी ओसरू लागलं की काठावर चिखलाचे उथळ पट्टे उघडे पडतात आणि तिथं रोहित पक्षी उतरतात. भिगवणजवळच्या कुंभारगावचे मासेमार पहाटे होडी काढतात. ज्यांचे वाडवडील जाळं टाकत आले, तेच आज चित्रबलाक आणि पट्टकादंब यांची नावं न अडखळता सांगतात. पट्टकादंब हा हिमालय ओलांडून येणारा हंसवर्गीय पक्षी. तो दौंडपासून तासाभरावर गव्हाच्या शेतात चरताना दिसतो, हे अनेक दौंडकरांच्या गावीही नसतं. होडीवाल्याला ‘आणखी जवळ घे’ म्हणू नये. थवा उडाला की फोटो झकास येतो, पण चरायला बसलेल्या पक्ष्यांची शक्ती त्यात वाया जाते.

या सगळ्याला समुद्र जोडायचा, तर आधी ठिकाण नव्हे, पंधरवडा ठरवावा. ऊसवाल्याच्या घरात सुट्टी कारखाना ठरवतो: तोडीची तारीख आली की लग्नसुद्धा पुढं ढकलतात, मग सहलीचं काय. गोठा असेल तर तीन दिवसांवर धार दुसऱ्याच्या भरवशावर ठेवता येत नाही. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात गळीत बहुतेक उरकत आलेलं असतं, माळावरचं गवत बसलेलं असतं म्हणून जनावर लांबून दिसतं, उजनीवर रोहित असतात आणि त्याच दिवसांत कोकणात कासवाची पिल्लं वाळूतून वर येत असतात. फक्त शिमग्याचे दिवस टाळावेत. तेव्हा चाकरमानी गावी आलेले असतात आणि कोकणात राहायला जागा मिळणं मुश्कील.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेचे भाऊ काटदरे आणि सहकारी समुद्री गरुडांची पाहणी करत इथं आले असताना त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले माद्या येत होत्या, पण अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री नेत होती. संस्थेनं गावाला हाताशी धरलं. घरटं सापडलं की अंडी उचलून कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोल पुरायची, साधारण पन्नास दिवस राखण करायची आणि पिल्लं वर आली की पाण्याकडं सोडायची. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, घराघरांतून पाहुण्यांची सोय झाली. मोदक, सोलकढी आणि ओटीवरची झोप. वातानुकूलित खोली हवी असेल त्यानं दुसरीकडं जावं.

२०२२ च्या जानेवारीत इथल्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला, नाव ठेवलं ‘प्रथमा’. त्याहून चकित करणारी गोष्ट २०२५ ची: ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्वेकडची कासवं वेगळी, पश्चिमेकडची वेगळी, हा समज तिनं एका रात्रीत डळमळीत केला.

पिल्लं सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात, पण ती वर आली असतील तरच. एक दिवस काहीच न दिसण्याची तयारी ठेवावी, म्हणजे मुक्काम दोन रात्रींचा हवा. भिगवणची पहाटेची होडी करून निघालं तर पुणे, ताम्हिणी, माणगाव, मंडणगड असं जवळपास तीनशे किलोमीटर होतं. सोबत लहान मुलं असतील तर हा आठ-नऊ तासांचा प्रवास आहे. त्या संध्याकाळचं कासव हिशेबात धरूच नये.

समुद्राशी ओळख नसलेल्या देशावरच्या माणसाला विहीर कळते, कालवा कळतो. ओहोटीची ओढ कळत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातल्या मुरूडला सहलीला गेलेले पुण्यातल्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. कोकणात एक सोपा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. कालनिर्णय घरोघरी भिंतीवर असतंच. पाण्यात शिरायचं ते भरती चढत असताना आणि गावकऱ्यानं दाखवलेल्या जागीच.

ताडोबा या बेतात बसवू नये. दौंडहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं नागपूर आणि तिथून पुढं रस्त्यानं, एवढा प्रवास आहे, शिवाय गाभ्यातलं जंगल मंगळवारी बंद. पाणवठ्यावर वाघ बघायचा तर मे महिना उत्तम, आणि मेमध्ये कोकणचा किनारा घामानं नको होतो. ती सहल वेगळी काढावी. तिकीट काढताना गाडी ‘दौंड’ला थांबते की ‘दौंड कॉर्ड लाईन’ला, हे बघून घ्यावं. ही दोन वेगळी स्थानकं आहेत आणि ऐन वेळी रिक्षा शोधत पळणारी कुटुंबं तिथं नवीन नाहीत.

वेळासहून परतताना शेवटच्या सकाळचं कासव बघावं, बाणकोटचा किल्ला करावा आणि लवकर जेवून दुपारी बारापर्यंत निघावं. ताम्हिणी उजेडात चढून होतो, चौफुल्याला रात्री चहा मिळतो, आणि पहाटे धारेला घरचं माणूस गोठ्यात असतं.